बेळगाव भागात फिरायला गाडीतलं नेव्हिगेशन घ्यावं की फोनचा नकाशाच पुरे?

ठिबकवाला

नमस्कार मंडळी.

गाडी बुक करायचीय, गणपतीच्या आधी दारात पाहिजे. मॉडेल ठरलंय, रंग घरच्यांनी ठरवून टाकलाय, घोडं अडलंय ते व्हेरियंटवर. मधल्या व्हेरियंटला मोठा स्क्रीन आहे, त्याला फोन जोडला की फोनमधलाच नकाशा स्क्रीनवर येतो. वरच्याला गाडीचं स्वतःचं नेव्हिगेशन आहे, शिवाय सनरूफ. दोन्हींत लाखभराचा फरक. सनरूफचं मला कौतुक नाही. आमच्याकडं मे महिन्यात माणसं घराचं छप्पर गळू नये म्हणून कौलं चाळायला वर चढतात, आणि मी पैसे देऊन गाडीच्या टपाला भोक पाडून घेऊ? तेव्हा प्रश्न फक्त नेव्हिगेशनचा.

माझा धंदा ठिबकचा. दुकान शहापुरात, गिऱ्हाईक शिवारात. आज हुक्केरी, उद्या खानापूर, परवा शिनोळी ओलांडून चंदगड. महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर होतात आणि त्यातला निम्मा रस्ता असा की त्याला नंबर नाही, आणि पाटी असली तर कानडीत. (पाट्यांचा विषय इथं कुणी काढू नका, धागा भलतीकडं जाईल.) कानडी मला बोलता येतं, वाचताना अडखळतो. गाडी चालू असताना अक्षर लावेपर्यंत फाटा मागं गेलेला असतो. म्हणून नकाशा लागतो.

आत्ताची गाडी सेकंडहँड, २०१७ साली घेतलेली. तिच्यात कंपनीचं नेव्हिगेशन आहे, नकाशा एसडी कार्डावर, आणि कार्ड २०१३ सालचं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बदललं, ते आमच्या गाडीला अजून कुणी कळवलेलं नाही. पुणे-बेंगळुरू हायवेला ती चार नंबरच म्हणते, ४८ नाही. तसं आमच्या गल्लीतली सगळीच माणसं 'एनएच फोर' म्हणतात, त्यामुळं ते खपून जातं. पण रेल्वेवरचे नवे उड्डाणपूल तिला ठाऊक नाहीत. पुलावर चढलो की बाण रुळांपाशी येऊन अडखळतो आणि बाई यू-टर्न घ्यायला सांगते. पुलाच्या मध्यावर! नकाशा नवा करून घ्यावा म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो, तर तिथल्या पोरानं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि "सर, हे आता येत नाही" म्हणून परत हातात ठेवलं.

एवढं असूनही ते कार्ड मला टाकवत नाही, त्याला कारण चोर्ला.

गेल्या जुलैत मेव्हणीला म्हापशाला सोडून रात्री परत येत होतो. फोन स्टँडवर, नकाशा चालू. केरी सोडून घाट चढायला लागलो तसा पाऊस वाढला, आणि वर गेल्यावर धुकं. एका वळणावर मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली, आतून काच पुसली, आणि पुसता पुसता हात लागून फोनवरचा नकाशा बंद झाला. परत उघडला तर एक निळा ठिपका आणि भोवती नुसता कोरा कागद. रेंज नाही. ठिपका हलत होता, हं. मी कुठंतरी आहे एवढं त्याला कळत होतं, कशावर आहे ते कळत नव्हतं. तेव्हा त्या जुन्या कार्डानं हात दिला. चोर्ल्याचा रस्ता २०१३ ला होता तिथंच आहे. पुढचं वळण डावं की उजवं, लांबट की एकदम मुरडलेलं, एवढं स्क्रीनवर दिसत होतं, आणि बॉनेटच्या पुढं काही दिसत नसताना माणसाला तेवढंच पाहिजे असतं. कणकुंबीपर्यंत दुसऱ्या गिअरवर आलो. तिथं रेंजची एक काडी आली आणि फोन एकदम शहाण्यासारखा बोलायला लागला, "सरळ जात रहा."

आता याच कार्डानं मागच्या महिन्यात मला कंग्राळी खुर्दच्या ऐवजी कंग्राळी बुद्रुकला नेऊन सोडलं. बेळगावच्या माणसानं ही चूक करावी म्हणजे लाजच, पण डोक्यात वसुलीचा हिशेब चालू होता, बाई सांगेल तसा वळत गेलो. फोन तरी कुठं धुतल्या तांदळाचा? त्याला नुसतं 'बागेवाडी' म्हटलं तर हायवेवरची हिरेबागेवाडी सोडून त्यानं विजापूर जिल्ह्यातली बसवन बागेवाडी धरली. पोहोचायला लागणारा वेळ बघून दचकलो म्हणून वाचलो. आणि हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्यानं "लोकेशन पाठवलंय साहेब, थेट या" म्हणून सांगितलं. गेलो थेट. तर मी एका चहाच्या हॉटेलापुढं. लोकेशन पाठवताना तो तिथं चहा पीत बसला होता. शेत तिथून सात किलोमीटर. फिल्टर आणि लॅटरलची बंडलं टपावर बांधून मी हॉटेलच्या दारात, आणि मालक विचारतोय, "पाईप कुणाला?"

तर लाख रुपये घालावेत का? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनीच सांगा. शोरूमवाल्याचं मत माझ्याकडं आहे.

अकरा_नंबरची_बस

लाख रुपये मला द्या. शेजारच्या सीटवर बसून मी रस्ता सांगतो. कानडी वाचता येतं, रेंज लागत नाही, यू-टर्न सांगणार नाही. चहा-भजी मात्र वेगळी.

स्पार्क_प्लग

माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं आणि ॲक्सेसरीजचं काम आहे, खानापूर रोडला. स्क्रीन बसवणं, काढणं, लोकांनी बिघडवलेलं नीट करणं, हाच दिवसभर उद्योग. तेव्हा जरा लांबण लावतो.

तुमचा ठिपका हलत होता, यातच निम्मं उत्तर आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. वीस हजार किलोमीटर वर उपग्रह फिरतायत, ते सारखे एकच सांगत असतात: मी अमुक, मी इथं, आत्ता अमुक वाजले. तो संदेश खाली पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. चार उपग्रह सापडले की जागा ठरली. याला रिचार्ज नाही, रेंज नाही. रेंज लागते ती त्या ठिपक्याखालचं चित्र आणायला, रस्ता नव्यानं मोजायला आणि पुढं गर्दी आहे का ते कळायला. म्हापशाहून रस्ता लावून निघालात तेव्हा फोननं तेवढा पट्टा आधीच उतरवून घेतला होता, म्हणून घाटातही चालत होतं. तुम्ही ॲप बंद केलंत, पट्टा गेला, ठिपका उरला.

याला औषध फुकट आहे. गुगल मॅप्समध्ये वर कोपऱ्यात तुमचा फोटो असतो, त्यावर दाबा, ऑफलाइन मॅप्स निवडा आणि चौकट ओढून बेळगाव ते पणजी सगळा भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. त्याला मुदत असते, मधूनमधून नवा करून घ्यायचा. ऑफलाइनमध्ये गर्दी दिसत नाही, पण चोर्ल्यात रात्री गर्दी कसली, रानगवा आडवा आला तरच. तुमच्यासारख्या पाणंदीत फिरणाऱ्यानं ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडही टाकून ठेवावं. ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. तो नकाशा लोकांनीच काढलेला, कुणीही भर घालू शकतो. एखाद्या हौशी पोरानं आपल्या गावची पाणंद काढून ठेवली असली तर ती त्यात सापडते, नसली तर शेजारचं आख्खं गाव गायब. नशिबाचा खेळ आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. घाटात फोन बंद करून परत चालू केलात तर पहिला ठिपका यायला वेळ लागतो. रेंज असली की कुठला उपग्रह कुठं आहे ही माहिती फोन नेटवरून चटकन घेतो. नसली की ती उपग्रहाकडूनच ऐकायची, आणि एका उपग्रहाचं ते बोलणं तीस सेकंदांचं. मध्ये कडा किंवा गच्च झाडी आली, तुटलं, की परत ऐका. लोक तोवर फोनला शिव्या घालतात.

आता गाडीतल्या सिस्टिमकडं येतो. तिचं खरं बळ नकाशात नाही, चाकांत आहे. एबीएससाठी चाकांना सेन्सर असतातच. चांगल्या सिस्टिममध्ये त्यांचा हिशेब आणि वळण ओळखणारा जायरोस्कोप नेव्हिगेशनला जोडलेला असतो. म्हणजे उपग्रह दिसेनासे झाले तरी चाकं किती फिरली, गाडी किती वळली, यावरून बाण पुढं सरकत राहतो. गंमत म्हणजे गाडीतल्या नेव्हिगेशनची सुरुवातच तशी झाली. १९८१ साली होंडानं जपानमध्ये जे यंत्र काढलं त्यात उपग्रह नव्हतेच. वायूवर चालणारा जायरो, आणि छोट्या पडद्यापुढं पारदर्शक नकाशा सरकवायचा. नकाशाची शीट संपली की दुसरी घाला. लांब बोगद्यांच्या किंवा उंच इमारतींच्या गावात या चाकांच्या हिशेबाचं मोल फार. आपल्या इथं बोगदे किती आणि उंच इमारती किती, तुम्हीच मोजा.

आणि लाखाचं म्हणाल तर, भारतात कित्येक गाड्यांमधला नकाशा मॅपमायइंडिया या कंपनीचा असतो. १९९५ पासून त्यांचं हेच काम. त्यांचंच मॅपल्स नावाचं ॲप फोनवर फुकट मिळतं. तेव्हा नकाशाचे असे पैसे कुठं आहेत? तुम्ही देणार ते सनरूफचे, पुढच्या गाद्यांचे आणि त्या 'टॉप मॉडेल' नावाचे. घ्यायचंच झालं तर नकाशा कुठल्या सालचा आहे, फुकट अपडेट किती वर्षं आणि नंतर वर्षाला किती, हे शोरूमकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी नको. तोंडी सगळंच 'लाइफटाइम' असतं.

ठिबकवाला

स्पार्क प्लग, हे ऑफलाइनचं मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता जेवून उठल्यावर उतरवायला लावलंय. दोन शंका. फोन डॅशबोर्डवर ठेवला की अथणीकडं दुपारी एवढा तापतो की स्क्रीन आपोआप मंद होतो आणि चार्जिंगही थांबतं. गाडीच्या स्क्रीनला हा त्रास नाही. आणि दुसरं, फोन समोर लावून चालवलं तर पोलीस धरतात का? एकदा हटकलं होतं.

स्पार्क_प्लग

तापतो कारण तुम्ही तो काचेखाली उन्हात वाळत घालता. स्टँड एसीच्या जाळीवर लावा, गार वारा सरळ फोनच्या पाठीला लागतो. मधलं व्हेरियंट घेतलंत तर तोही प्रश्न नाही, फोन खणात पडून राहील आणि नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दिसेल. काही गाड्या तर स्वतःच्या ॲन्टेनाची जागाही फोनला देतात, म्हणजे टपावरच्या ॲन्टेनाचा फायदा फोनच्या नकाशाला मिळतो.

पोलिसांचं: १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात स्पष्ट आलंय की गाडी चालवताना फोन वापरायचा तर फक्त रस्ता बघायला, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. हातात धरून बोलत असाल तर दंड भरा. स्टँडवर लावून नुसता नकाशा चालू असेल तर नम्रपणे हे सांगायचं. नम्रपणे हा शब्द महत्त्वाचा.

कारदग्याची_सून

माहेर बेळगाव, सासर कारदगा. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यामुळं या रस्त्याबद्दल बोलायचा हक्क माझा.

तुम्ही दोघं उपग्रहाबद्दल बोलताय. मी पाण्याबद्दल बोलते. नकाशाला आमच्या घरचा जवळचा रस्ता वाटतो तो भोजवरून, नदीवरच्या पुलानं. उन्हाळ्यात बरोबर आहे, मीही तसंच जाते. २०२१ च्या जुलैत सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून मी आणि धाकटा दीर बेळगावहून निघालो. भावोजी गाडी चालवत होते, फोन माझ्या हातात. रस्ता सगळा निळा, कुठं लाल नाही, केशरी नाही. भोज मागं पडलं, फोन म्हणतोय आता थोडंच राहिलं. पुढं बघते तर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, चार माणसं पोत्याच्या खोळी घेऊन उभी, आणि त्यांच्यामागं रस्ता उतरून सरळ पाण्यात गेलेला. पूल नव्हताच. म्हणजे होता, पाण्याखाली. मध्ये एका ठिकाणी पाणी जरा फुगून उसळत होतं, तेवढ्यावरून कळायचं की खाली काहीतरी आहे. त्यातला एक म्हातारा काचेजवळ आला, फोनकडं बघितलं आणि म्हणाला, "त्यात पानी दिसत न्हाई व्हय ताई?"

न्हाईच दिसत. आणि का दिसत नाही हे मला नंतर माझ्या भाच्यानं समजावलं. नकाशा रस्त्याला लाल करतो ते त्या रस्त्यावर अडकलेले फोन हळू हळू सरकतायत हे बघून. पुलावर पाणी आलं की तिथं कुणी जातच नाही. कुणी नाही म्हणजे अडकलेलं कुणी नाही, म्हणजे रस्ता मोकळा! कुणीतरी रस्ता बंद म्हणून कळवलं तरच त्याला कळणार, आणि बाभळीच्या फांद्या टाकणारी माणसं आधी फांद्या टाकतील की ॲप उघडतील? लाखाच्या सिस्टिमलाही यातलं काही कळत नाही, तिला तर पुलाचं वय कळलं तरी पुष्कळ.

आम्ही मागं फिरलो, निपाणीवरून हायवेनं कागल, तिथून हुपरी-रेंदाळ करून मागच्या बाजूनं घरी. ते तरी नशीब. त्याच पुरात पुढं यमगर्णीजवळ हायवेवरच पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली. २०१९ लाही तसंच झालं होतं.

त्यामुळं पावसाळ्यात माझी पद्धत अशी. निघायच्या आधी पेपरात बघायचं. भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर, ही जोड्यांची नावं आमच्याकडं लग्नपत्रिकेसारखी पाठ असतात. आणि राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक सोडलं ते. आकडा चढता असला की जावेला फोन करायचा. ती गच्चीवर जाऊन नदी बघून सांगते. ठिबकवाले, तुमचं गिऱ्हाईक चिकोडी-निपाणी भागात असेल तर अशी एक जाऊ शोधून ठेवा.

घाटवाट

पंधरा वर्षं बेळगाव-गोवा टॅक्सी मारतोय. गाडीत कंपनीचं नेव्हिगेशन आहे, मालकानं टॉप मॉडेल घेतलं म्हणून. मी ते एकदाच वापरलं, गाडी नवी होती तेव्हा. आता तिथं गाणी लावतो.

वहिनींनी पाण्याचं सांगितलं, मी चढाचं सांगतो. नकाशा अंतर बघतो, मिनिटं बघतो, उतार बघत नाही. बेळगावहून दोडामार्गला जायचं म्हटलं की पाटणे फाट्यावरून तिलारीचा घाट दाखवतो. जवळ आहे, खोटं नाही. पण तो उतार सरळ भिंतीवरून उतरल्यासारखा, वळण संपलं म्हणेपर्यंत दुसरं. बाहेरगावच्या पासिंगची एक गाडी मला वर येताना भेटली, भरलेली, टपावर बॅगा. बाजूला उभी, चाकातनं धूर येऊलालाय, आणि बाबा बाहेर उभा राहून फोन वर धरून रेंज शोधूलालाय. ब्रेक पार जळलेले. सगळा उतार ब्रेकवर उतरला होता, गिअर टॉपला. मी म्हटलं, "कुठं जाऊलालाय साहेब?" तर म्हणाला, मॅपने बताया. अर्धा तास तिथं थांबवला, चाकं निवू दिली, मग पहिल्या गिअरवर माझ्या मागं नको, माझ्या सांगण्यावर खाली पाठवला. हळू.

चोर्ला, आंबोली, अनमोड, तिलारी, चारही रस्ते फोनला सारखेच वाटतात. फरक आम्हाला माहीत. पावसात दरड, उन्हाळ्यात रेतीचे ट्रक, आणि गळीत हंगामात इकडं ऊसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला. रात्री संकेश्वर-हुक्केरीकडं हंगामात चालवायचं तर कुठल्या नकाशापेक्षा हेडलाइट चांगली पाहिजे. लाखातले दहा हजार तिकडं घाल, ठिबकवाल्या.

आणि बाईचा आवाज बंद ठेव. 'यामाकानामार्डी' असं म्हटली की मागची पॅसेंजर हसतात आणि माझं वळण चुकतं. यमकनमर्डी एवढं अवघड आहे का गा?

अकरा_नंबरची_बस

मी 'बेक्किनकेरे' म्हणायला शिकवतो तिला. पाचशे रुपये तास.

ठिबकवाला

बेक्किनकेरेवरूनच सांगतो, कारण काल नेमकं तेच झालं.

शोरूमवाला वरच्या व्हेरियंटची गाडी घरी घेऊन आला, टेस्ट ड्राइव्हला. घर दुसऱ्या गेटाच्या पलीकडं. निघालो तर गेट पडलेलं. गाडीचं नेव्हिगेशन म्हणतं सरळ जा, माझा फोन म्हणतो सरळ जा, आणि समोर गेटमन झेंडा घेऊन उभा. मालगाडी होती. तेवढ्यात मी पोराला म्हटलं, बेक्किनकेरे लाव यात. त्यानं इंग्रजीत टाईप केलं, सापडलं नाही. एक 'के' जास्त घातला, नाही. शेवटचं अक्षर बदललं, तेव्हा आलं. मी फोनला मराठीत नुसतं बोलून बघितलं, तर त्यानं 'बेकिंग' ऐकलं आणि शहरातल्या सगळ्या बेकऱ्या काढून दाखवल्या. मग मराठीत टाईप केलं, पहिल्या फटक्यात गाव आलं. तोवर मालगाडी गेली.

हिंडलगा, सुळगा, उचगाव करत गेलो. खरं सांगायचं तर गाडीतल्या स्क्रीनचा नकाशा देखणा आहे. वळणाच्या आधी मीटरच्या काट्यांमध्ये बाण दिसतो, मान वळवावी लागत नाही, हे मला फार आवडलं. बाण एकदाही रस्ता सोडून बाजूला गेला नाही. पण उचगावच्या पुढं एका गिऱ्हाइकाच्या बांधापर्यंत जाऊन बघायचं होतं, तिथं गाडीच्या नकाशात हिरवा पट्टा, रस्ताच नाही. स्पार्क प्लगनं सांगितलेल्या त्या लोकांनी काढलेल्या नकाशात पाणंद होती, तुटक रेघेनं. विहिरीपर्यंत. कुणी काढली असेल देव जाणे, त्याच्या पोराबाळांचं भलं होवो.

पोराला विचारलं, अपडेटचं कागदावर लिहून द्याल का. म्हणाला, "सर, मॅनेजरना विचारून सांगतो." अजून विचारतोय.

मधलं व्हेरियंट बुक केलं. उरलेल्यातले थोडे घाटवाट दादा म्हणाले तसे दिव्यांना, थोडे बायकोनं परस्पर वळते केलेत. जुनी गाडी धाकट्या भावाला देतोय, चोर्ल्याच्या कार्डासकट. वहिनींच्या जावेचा नंबर मागत नाही, पण भोजमध्ये माझा एक डीलर आहे, त्याला आज सांगून ठेवलं की जुलै लागला की रोज सकाळी नदी बघून मला मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल म्हणजे ये, दोन म्हणजे नको.

हे लिहीत असतानाच हुक्केरीच्या त्याच शेतकऱ्याचा फोन आला. दुसरा प्लॉट घेतलाय, माप घ्यायला या, लोकेशन पाठवलंय.

मी म्हटलं, "अण्णा, आत्ता कुठं बसलाय?"

"हॉटेलात की."